रेहेकुरीच्या माळावर गिधाड का उरले नाही?

नगर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला शिर्डी आठवते, नाहीतर साखर कारखाने आठवतात. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण एस.टी.च्या रांगेतला माणूस अजून 'नगर'च म्हणतो, म्हणून आम्हीही येथे तेच म्हणणार आहोत.) या जिल्ह्याला दोन अंगे आहेत. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीच्या पाटपाण्यावर ऊस डुलतो. दक्षिणेला कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागात मात्र ज्वारी पिकली तर पिकली, नाहीतर माणसे कोयता घेऊन त्याच ऊसवाल्यांच्या दारात तोडणीला जातात. सह्याद्री पावसाचे ढग आपल्या अंगावर झेलून घेतो आणि इकडे वर्षाला कसाबसा पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वेळेवर येईल तर शपथ. याला वाळवंट म्हणता येणार नाही, पण मार्च उलटला की वाळवंटाला लाजवील असा हा मुलूख तापतो. उघडा माळ, कुसळी गवत, बाभळी, हिवर, बोरी, आणि त्यावर जगणारी शेळ्या-मेंढ्या-गुरे आणि माणसे.

याच मुलखात कर्जतपासून थोड्या अंतरावर रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. गेल्या जानेवारीत आमच्या वसाहतीतील पाच कुटुंबे मिळून आम्ही तेथे गेलो. नगरहून सोलापूर रस्त्याने रुईछत्तीशी, घोगरगाव, मिरजगाव करीत कर्जत गाठायचे आणि तेथून गाडी करून रेहेकुरी. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे दोन मोठे कॅन घरूनच घेतले होते. माळावर हॉटेल शोधत बसू नये, हे आमचे वाचकांना आधीच सांगणे.

हे अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या बऱ्या गावाचे गायरान याहून मोठे असते. पण तेवढ्या जागेने काळविटांना जीवदान दिले, हे मान्य केले पाहिजे. त्यांची संख्या वाढली आणि आता ती आसपासच्या शेतांतही चरतात, ज्यावरून शेतकरी रागावतो आणि त्याचा राग खोटा नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात काळ्या पाठीचे, पिळाच्या शिंगांचे नर आणि त्यांच्यामागून उड्या घेत जाणाऱ्या तांबूस माद्या पाहून मुले तर मुले, आमच्याबरोबरच्या आजीबाईही टाळ्या वाजवू लागल्या. त्यांना गप्प करताना आमची पुरेवाट झाली.

हरणे पाहून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, आमच्या पुस्तकात अन्नसाखळीच्या चित्रात गिधाड आहे. ते इथं कुठंय?" आम्ही सगळ्यांनी वर पाहिले. दोन घारी फिरत होत्या. गिधाड नव्हते. परत निघेपर्यंत एकही दिसले नाही.

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अभयारण्यात मिळाले नाही, ते जवळच्या एका गावात मिळाले. तेथे आमच्या ओळखीचे एक घर आहे. दुपारची भाकरी त्यांच्या ओट्यावर सोडली. घरातले तात्या पंच्याहत्तरीच्या घरातले आहेत. जय भीम झाला, ख्यालीखुशाली झाली आणि आम्ही गिधाडांचा विषय काढला. तात्या म्हणाले, "आवो, बहात्तरच्या दुष्काळात आभाळ दिसत नव्हतं गिधाडांनी. ढोर पडलं की तासाभरात सांगाडा. आता तुमच्या या पोरांना गिधाड चित्रातच दाखवायचं."

मग त्यांनी हात करून गावाबाहेरचा एक उंचवटा दाखवला. ती ढोरफाडीची जागा. पूर्वी मेलेले जनावर तेथे नेऊन टाकत. कोण नेत होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण जी मुले आज इंग्रजी शाळेत जातात त्यांना सांगितले पाहिजे. गावातले मेलेले ढोर ओढणे हे महाराचे काम मानलेले होते. त्याबद्दल मिळणाऱ्या वतनाच्या जमिनीला नावच होते हाडकी-हाडोळा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे काम आणि मृतमांस सोडून देण्यास सांगितले. लोकांनी ते ऐकले, आणि ऐकल्याबद्दल गावोगाव बहिष्कार सोसला. वतनाचा कायदा बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती पुढे, १९५८ च्या कायद्याने.

आपल्या माणसांनी दोर खाली ठेवला, पण ढोरे मरायची थांबली नाहीत. मग ती कोणी उचलली? मालकाने बैलगाडीला बांधून फार तर माळापर्यंत नेली. पुढचे सगळे काम गिधाडांनी केले. ना वतन मागितले, ना बलुते. आम्ही हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो, त्यामुळे आमच्या मनात सहज आले, की कोणत्याही ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात या कामाची नोंद कधी झाली नाही. ज्याचे पैसे द्यावे लागत नाहीत त्याची किंमत वहीत चढत नाही.

हे काम किती मोठे होते ते समजून घ्यायला हवे. गिधाड शिकार करत नाही. त्याचे पंजे कोंबडीसारखे बोथट असतात, जिवंत सावज पकडण्याच्या कामाचे नव्हेत. ते उंच आकाशात घिरट्या घालते आणि नजरेने मढे शोधते. एक खाली उतरले की दूरचे दुसरे ते पाहते, दुसऱ्याला पाहून तिसरे येते. अशी साखळी लागून थोड्या वेळात पंचवीस-पन्नास जमतात आणि गाय किंवा बैल तासाभरात हाडापर्यंत साफ होतो. उन्हाळ्यात या माळावर मढे एका दिवसात फुगते आणि सडू लागते, म्हणून तासाभराचे महत्त्व. शिवाय गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके जहाल असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तेथेच मरतात. कुत्र्याच्या पोटात ती ताकद नाही. मागे उरलेली पांढरी स्वच्छ हाडे गोळा करून विकणारी गरीब माणसेही होती. त्यांचे पोट त्यावर चालत होते.

आणि भाषेने या पक्ष्याला काय दिले? लुबाडणाऱ्या सावकाराला आपण गिधाड म्हणतो, भ्रष्ट पुढाऱ्याला गिधाड म्हणतो. ज्याने आयुष्यात कोणाचा जीव घेतला नाही, केवळ घाण साफ केली, त्याचेच नाव शिवी झाले. घाण करणारा प्रतिष्ठित आणि साफ करणारा अमंगळ, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. बौद्ध परंपरेत मात्र या पक्ष्याचे नाव आदराने येते. राजगीरच्या ज्या टेकडीवर तथागतांचा वास होता, तिचे नाव गृध्रकूट, म्हणजेच गिधाडांचे शिखर. बिहारच्या धम्मयात्रेला गेलेल्या आपल्या कितीतरी बंधू-भगिनींनी ती टेकडी चढली असेल.

मग ही गिधाडे गेली कुठे? तात्यांना वाटत होते की मोबाइलचे मनोरे आले म्हणून गेली. असे पुष्कळांना वाटते. पण खरे कारण वेगळे आहे आणि ते सापडण्याची हकिगत प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

भारतात १९८०च्या दशकापर्यंत गिधाडे कोटींच्या घरात होती. १९९०च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी-अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आले की झाडांवर गिधाडे माना खाली टाकून बसतात आणि काही दिवसांत मरून पडतात. त्यांनी पूर्वी मोजलेली घरटी पाहता पाहता रिकामी झाली. आधी कोणालाही वाटेल तसेच सगळ्यांना वाटले, की एखादी साथ असेल. पण मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्यांवर आणि यकृतावर खडूची पूड उधळावी तसा पांढरा थर सापडत होता. तो युरिक आम्लाचा होता. म्हणजे मूत्रपिंडे निकामी होत होती. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडे तपासून कारण नक्की केले. ते होते डायक्लोफिनॅक.

हे नाव आपल्याला नवीन नाही. कंबर धरली, गुडघा सुजला की डॉक्टर हेच इंजेक्शन देतात. ते स्वस्त झाले आणि १९९०च्या दशकात गुरांच्या डॉक्टरांच्या पेटीत पोचले. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या गाईला टोचले की जनावर उभे राहते, शेतकऱ्याचे काम होते. शेतकऱ्याचा त्यात काय दोष? पण औषध टोचल्यावर काही दिवसांत ते जनावर मेले, तर औषधाचा अंश मांसात राहतो. माणसाला आणि गुराला जे सहज पचते ते गिधाडाच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. आणि एका मढ्यावर पन्नास पक्षी जेवतात, हेच येथे घातक ठरले. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढ्यात हे औषध असले तरी सगळी जात संपायला ते पुरेसे आहे. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. मरणाचा वेग एवढा आणि जन्माचा वेग असा. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातले एखादेच उरले. लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरातली जवळपास सत्त्याण्णव गेली. ती कड्यांवर घरटी करतात, त्यामुळे सह्याद्रीच्या काही कड्यांवर थोडी टिकून आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड वड-पिंपळासारख्या उंच झाडांवर घरटी करणारे, म्हणजे आपल्या पठाराच्या गावांचा शेजारी. तो शेजारी गेला.

एक पक्षी गेला तर एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. माळढोक पक्ष्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नावाने ओळखले जाणारे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले, तेव्हा त्यात कर्जत, श्रीगोंदे, नेवासे तालुक्यांचेही भाग होते. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे हीच बातमी होते. तो गेल्याचे दुःख पक्षिमित्रांना झाले, बाकीच्यांच्या दिनक्रमात फरक पडला नाही. गिधाडाचे तसे नाही. त्याची जागा रिकामी राहिली नाही.

तात्या आम्हाला त्या उंचवट्याकडे घेऊन गेले. लांबूनच वास आला. एक म्हैस पडली होती, तीन दिवसांपूर्वीची असावी. तिच्याभोवती अकरा कुत्री. मुलांना आम्ही मागेच थांबवले. ही कुत्री गल्लीतली वाटत नव्हती. अंगाने भरलेली, माणसाकडे नजर रोखून पाहणारी, हलायला तयार नसलेली. तात्यांनी काठी आपटली तेव्हा दोन पावले मागे सरली, इतकेच.

आमच्या विषयाचा गाभा या कुत्र्यांत आहे. गिधाडे होती तेव्हा मढे तासात संपे, कुत्र्याला उरलेसुरले मिळे. आता एक म्हैस टोळीला आठवडाभर पुरते. खाणे वाढले की वीत वाढते, वीत वाढले की टोळ्या वाढतात. मढे नसेल त्या दिवशी या टोळीला भूक लागतेच. मग ती काळविटाचे पाडस धरते, चिंकाऱ्यामागे लागते, धनगराच्या वाड्यातले कोकरू ओढते. माळावर जमिनीवरच अंडी घालणारे टिटवी, धाविक यांसारखे पक्षी तर अगदीच निराधार. लांडगा आणि खोकड हे माळाचे मूळ रहिवासी, त्यांच्या ताटातले कुत्र्यांनी पळवले आणि वर आपले रोग दिले. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. म्हणजे लांडगा मरून नव्हे, तर मिसळूनही संपू शकतो. राजस्थानच्या खऱ्या वाळवंटात याचे मोठे रूप दिसते. बिकानेरजवळ जोडबीड येथे मेलेली गुरे आणि उंट टाकतात. हिवाळ्यात तेथे मध्य आशियातून हजारो गिधाडे येतात आणि त्यांच्याशी भांडायला कुत्र्यांचे कळप आधीच हजर असतात.

हे झाले माळाचे. आता माणसांकडे येऊ. २००८ साली काही संशोधकांनी हिशेब प्रसिद्ध केला. १९९२ ते २००६ या काळात गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री जास्त वाढली आणि त्यांच्या चाव्यांतून रेबीज होऊन सुमारे ४८ हजार माणसे जास्तीची मेली, असा तो अंदाज होता. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगळ्या मार्गाने हाच प्रश्न तपासला. जेथे पूर्वी गिधाडे भरपूर होती ते जिल्हे आणि जेथे नव्हती ते जिल्हे, अशी तुलना त्यांनी केली. गिधाडे होती त्या जिल्ह्यांत ती गेल्यावर माणसांचा एकूण मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला होता. कुत्री चावून, पाणी दूषित होऊन, रोग पसरून. २००० ते २००५ या काळात मिळून सुमारे पाच लाख माणसे.

पाच लाख हा आकडा वाचून डोळे पुढे सरकतात, म्हणून जरा थांबून विचार करू. ही माणसे कोण असतील? ज्यांच्या घराला कुंपण आहे आणि दारात मोटार आहे, त्यांना कुत्र्यांची टोळी आडवी येत नाही. पहाटे रोजगाराला पायी निघालेली बाई, वस्तीवरून दोन किलोमीटर चालत शाळेत येणारे पोर, ऊसतोडीच्या कोपीत जमिनीवर झोपलेले लेकरू, कचऱ्यातून भंगार वेचणारा मुलगा यांना ती आडवी येते. आणि गावाची ढोरफाडीची जागा गावठाणातल्या वाड्यांजवळ कधीच नसते. ती आपल्या वस्तीच्या अंगाला असते. विहिरीत झिरपणारे पाणी कोणाच्या विहिरीत झिरपते, ते यावरून समजावे.

तात्यांनी याहून बोचणारी गोष्ट सांगितली. वास असह्य झाला की गावातून निरोप येतो, "तुमच्यातली दोन पोरं पाठवा, खड्डा घेऊन पुरून टाकतील, पैसे देऊ." तात्या म्हणाले, "माझ्या बानं दोर टाकला म्हणून आम्हाला वर्षभर गावच्या दुकानात मीठ मिळालं न्हाई. आता पैशाची नोट दाखवून तोच दोर हातात द्यायला बघतात." त्यांच्या पोरांनी नकार दिला. मग सरपंचाने जेसीबी बोलावला. पण जेसीबी दर वेळी येतोच असे नाही, तीन दिवस पडलेली म्हैस त्याचा पुरावा. शहरातही पाहा. नगरपालिका, महानगरपालिकांचे मेलेली जनावरे उचलण्याचे काम ठेकेदाराकडे गेले, तरी गाडीवर हात घालणारा माणूस कोणत्या वस्तीतला असतो? पक्ष्याने सोडलेले काम फिरून त्याच खांद्यांकडे येते. आमच्या मते मढे पुरण्याची जबाबदारी यंत्रासह ग्रामपंचायतीची आहे आणि ती ग्रामसभेत ठरावाने मागितली पाहिजे, जातीच्या नावाने आलेल्या निरोपाने नव्हे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २००६ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचू लागले, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपर्यंतच असावी असा नियम झाला. त्याच कुळातली अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधेही गिधाडांना घातक ठरली, त्यांच्यावर २०२३ साली गुरांसाठी बंदी घातली गेली. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांचे पैदास केंद्र आहे. त्याला जटायूचे नाव दिले आहे. पुराणातल्या गिधाडाला मान आणि माळावरच्याला शिवी, ही आपली जुनी रीत. तेथे वाढवलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली. त्यांतली काही पुढे दगावली. जी जात पंधरा वर्षांत संपली ती पंधरा वर्षांत परत येणार नाही, एवढे खरे.

ज्यांच्या घरी गाय, म्हैस किंवा बैल आहे त्यांनी एक करावे. डॉक्टर किंवा गावातला टोचणारा इंजेक्शन भरू लागला की बाटलीवरचे नाव वाचावे, वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावे. सूज आणि तापावर मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधे गुराला लागू पडतात आणि गिधाडाला मारत नाहीत. मेलॉक्सिकॅम मागितले तर मिळते.

आणि कुत्रा चावला तर हळद, चुना, मिरची, तंबाखू काहीही लावू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लस तेथे मोफत असते. सुया सांगितलेल्या तारखांना सगळ्या घ्याव्यात. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबू नये, कारण हा रोग एकदा उमटला की त्यावर औषध नाही.

निघण्यापूर्वी आम्ही तात्यांच्या गोठ्यात डोकावलो. एक जर्सी गाय आणि तिचे वासरू. गाईला आठवड्यापूर्वी ताप आला होता, डॉक्टर येऊन टोचून गेले होते. आमच्या सातवीतल्या मुलीने कोनाड्यातली रिकामी बाटली उचलली, पुसली आणि अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले, "मे-लॉ-क्सि-कॅम." तात्यांनी ती तिच्या हातातून घेतली, उन्हात धरून पाहिली आणि परत कोनाड्यात ठेवली. पुढच्या वेळी डॉक्टरांना हीच दाखवायची, असे सुनेला सांगितले.